गाडीचं नाक खाली आणल्याबाबत

जबाब देणार : गॅरेजवाली ताई. वय ४३ वर्षे. धंदा : गॅरेजच्या काउंटरवर स्पेअर पार्टची विक्री. राहणार : गॅरेजच्या वरचा मजला.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता, आपण होऊन हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी माझ्या दोन भावांसह राहते. थोरल्याला सगळी गल्ली दादा म्हणते. धाकट्याला घरात भुंग्या म्हणतात, कारण लहानपणी तो दिवसभर ओठ फडफडवत गाडीचा आवाज काढत फिरायचा. गॅरेज वडिलांनी सुरू केलं. तिथे आम्ही फक्त जुन्या गाड्यांचं काम करतो. काल दुपारपासून दादा आपल्या ताब्यात आहे आणि भुंग्या दवाखान्यात आहे. भुंग्याची उजवी मांडी मोडली आहे आणि बरगड्यांना मार आहे. धाकट्या भावाच्या जिवावर उठून दादाने गाडीच्या स्प्रिंगा कापून ठेवल्या, असा त्याच्यावर संशय आहे. तो साफ खोटा आहे. स्प्रिंगा दादानेच कापल्या, हे मात्र खरं आहे. दोन्ही एकदम कसं असू शकतं, ते सांगायला मी आले आहे. हवालदार साहेबांनी थोडक्यात सांगा म्हटलं. थोडक्यात सांगितलं म्हणूनच दादा आत आहे, तेव्हा मी सविस्तर सांगणार आहे.

दोघे भाऊ चार वर्षांपासून एकमेकांशी बोलत नाहीत. एका गिऱ्हाइकासमोर भुंग्या म्हणाला की दादाने ब्रेकची नळी चुकीची बसवली. नळी चुकीचीच होती. पण थोरल्याला परक्यासमोर असं बोलू नये, आणि थोरल्यानेही त्यावर पाना फेकू नये. पाना कोणाला लागला नाही. समोरच्या झेरॉक्सवाल्याने पान्याचं आपल्याला आधीच सांगितलं असणार, त्याच्या पोटात काही राहत नाही, म्हणून मीच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी दादाने गॅरेजच्या फरशीवर मधोमध पिवळा पट्टा मारला. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला भुंग्या. जेवण एकाच स्वयंपाकघरात, पण वेळा वेगळ्या.

तेव्हापासून दोघांमधले निरोप माझ्यामार्फत चालतात. दोघे हाकेच्या अंतरावर उभे असतात आणि मला काउंटरवरून उठवून सांगतात, त्याला सांग दहाचा पाना दे. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. आमच्याकडे तिसरी मी, आणि माझा घसा बसला आहे. तरीही सांगते, या चार वर्षांत दोघांपैकी कोणी दुसऱ्याच्या कामाला मुद्दाम धक्का लावलेला नाही. भुंग्याला ताप आला तेव्हा त्याच्या बाजूचं इंजिन दादाने पट्टा ओलांडून जुळवलं आणि हत्यारं होती तशी परत मांडून ठेवली. भुंग्याला कळलं. मला त्या दिवशी दोघांच्या एकेक थोबाडीत द्यावीशी वाटली.

सदरची गाडी दातांच्या डॉक्टरांची आहे. जुनी, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी. तिच्या पुढच्या चाकांचं सगळं काम आमच्याकडे आलं होतं. नवीन स्प्रिंगा, नवीन शॉकअप आणि चाकं धरणाऱ्या आर्मचे नवीन रबरी बुश, हे सगळं दादाने बसवलं. भुंग्याने इंजिन केलं. काम संपवून गाडी जमिनीवर उतरवली तर तिचं नाक वर. पूर्वी चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं जायची, आता हाताचा अख्खा पंजा उभा जाऊ लागला. दादाने पुढे वाळूची पोती ठेवून बघितली, बॉनेटवर मला बसवून हलवलं, गाडी गल्लीत खड्ड्यांतून फिरवून आणली. नाक खाली यायला तयार नाही. डॉक्टर येऊन म्हणाले, ही गाडी आहे की होडी? त्यांना ती रविवारी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात न्यायची होती.

यावर दादाचं म्हणणं, स्प्रिंगा लांब आल्या आहेत, पुरवठादाराने चुकीचा माल दिला. भुंग्याचं म्हणणं, स्प्रिंगांना काही झालेलं नाही, आर्मचे बोल्ट चाकं हवेत लोंबत असताना आवळले. साहेबांनी विचारल्यावरून खुलासा करते की, रबरी बुश ज्या स्थितीत आवळावा त्याच स्थितीत राहू बघतो. गाडी जॅकवर असताना आवळला आणि मग खाली सोडली, तर रबराला पीळ पडतो आणि ते गाडीला वर ढकलत राहतं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, तशातली गत. म्हणून बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवायची आणि वजन आल्यावर आवळायचे. आमच्या वडिलांनी हे आम्हा तिघांना शिकवलं होतं. दादा घाईत विसरला. भुंग्याचा निरोप मी दादाला दिला तेव्हा त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बोल्ट सैल करायचे म्हणजे धाकट्याचं बरोबर होतं हे पट्ट्याच्या या बाजूला उभं राहून कबूल करायचं. दादा म्हणाला, त्याला सांग, आपलं इंजिन बघ.

परवा संध्याकाळी भुंग्या बाहेर गेला असताना दादाने गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली, पुढची चाकं काढून बॅलन्सिंगला पाठवली आणि दोन्ही स्प्रिंगांचं एकेक वेटोळं ग्राइंडरने कापलं. स्प्रिंग कापणं हे आमच्या धंद्यात हलकं काम समजतात. वडील असते तर त्यांनी दादाला दारात उभं केलं नसतं. म्हणून दादाने कोणालाच ताकास तूर लागू दिली नाही, मलाही नाही. ग्राइंडरचा आवाज मी वर ऐकला, पण गॅरेजच्या वर राहणाऱ्या माणसाने प्रत्येक आवाजाला खाली धावायचं म्हटलं तर जेवायचं कधी?

काल सकाळी दादा चहा पिऊन पिवळ्या पट्ट्यापर्यंत आला. भुंग्या पलीकडे कार्ब्युरेटर पुसत होता. दादा तिथे उभा राहिला, दोनदा खाकरला, आणि चाकं आणायला निघून गेला. मला वाटलं घसा धरला असेल. आता मला कळतं की तो सांगायला आला होता. त्याला तोंड उघडता आलं नाही, आणि मी जवळ असून विचारलं नाही.

दादा चाकं ठेवून लगेच पाठीमागच्या लेथवाल्याकडे गेला. जाताना त्याने माझ्यासमोर डॉक्टरांना फोन करून सांगितलं, "आज दुपारी गाडी मीच चालवून बघणार आहे. तुम्ही संध्याकाळी या." हे डॉक्टरांना विचारून खात्री करून घ्यावी. ज्या गाडीत आपण स्वतः बसणार, ती माणूस दुसऱ्याला मारण्यासाठी कापून ठेवतो का, एवढाच माझा प्रश्न आहे. ड्रायव्हरची सीटही दादाच्या लांब पायांच्या मापाने मागे सरकवलेली होती. भुंग्याला ती पुढे ओढावी लागली, मी बघितलं.

दादा गेल्याबरोबर भुंग्या पट्टा ओलांडून गाडीखाली शिरला. त्याने आर्मचे सगळे बोल्ट सैल केले, चाकं चढवली, गाडी जमिनीवर उतरवली, मला आणि पाणी घेऊन आलेल्या टँकरवाल्याला बॉनेटवर बसवून चार वेळा दाबली. गाडी खाली बसली. भुंग्याने बोल्ट तिथेच आवळले. स्प्रिंगा आधीच कापलेल्या आहेत हे त्याला माहीत नव्हतं. एकच रोग, आणि दोघांनी एकमेकांना न विचारता आपापलं औषध पाजलं होतं. गाडीचं नाक चार बोटांवर थांबलं नव्हतं, टायर मडगार्डच्या आत दिसेनासा झाला होता. भुंग्याने बोटं लावून बघितली नाहीत. आपलं खरं ठरलं या आनंदात तो मला म्हणाला की ताई, आता हिला फिरवून आणतो आणि दादाच्या बाजूला नेऊन उभी करतो, निरोप नको आणि काही नको. इतका खूश मी त्याला बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. मी पण बोटं लावली नाहीत.

साडेदहाच्या सुमारास तो गाडी घेऊन फाटकातून बाहेर पडला. आमचं फाटक गल्लीच्या टोकाला सरळ उघडतं, बाहेर पडताना स्टेअरिंग पूर्ण फिरवावं लागत नाही, म्हणून तिथे काही कळलं नाही. त्याच वेळी दादा लेथवाल्याकडून परत आला. त्याने बाजूने निघालेल्या गाडीचं खाली बसलेलं नाक बघितलं, मग घोड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला बोल्टचं विचारावंही लागलं नाही. लेथवरून आणलेला पार्ट हातातून टाकून तो गाडीमागे पळाला. दादा पन्नाशीचा आहे, गुडघा दुखतो म्हणून जिना बसत बसत चढतो. तो चप्पल टाकून पळाला आणि ओरडला, "भुंग्या, थांब. भुंग्या."

झेरॉक्सवाल्याने जबाबात म्हटलं आहे म्हणे, की आरोपी भावाच्या मागे आरडाओरडा करत मारायला धावला. झेरॉक्सवाल्याला गल्लीतलं बाकी सगळं कळतं. चार वर्षं न बोललेला माणूस पहिल्यांदा बोलतो तेव्हा आवाज कसा येतो, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. मलाही काल सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.

गोदामापाशी गल्ली रुंद होते. तिथे भुंग्याने मान वळवली आणि मागे बघितलं. मग त्याने स्टेअरिंग पूर्ण फिरवलं. टायर मडगार्डच्या कडेत अडकला, स्टेअरिंग तिथेच घट्ट बसलं आणि गाडी तशीच वळत जाऊन गोदामाच्या खांबावर आदळली. दादाने त्याला एकट्याने ओढून बाहेर काढलं. दादाच्या कपड्यांवरचं रक्त असं लागलेलं आहे.

साहेबांनी विचारलं, सरळ रस्ता असताना भुंग्याने अचानक स्टेअरिंग का फिरवलं? गाडी तपासून गेलेल्या साहेबांच्या मते त्याला गाडीत काहीतरी बिघाड जाणवला असावा. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. ते द्यायचं की नाही यावर मी रात्रभर पंख्याकडे बघत पडले होते. दिलं नाही तर दादा सुटत नाही, म्हणून देते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी भुंग्याला अजून जबाब देऊ दिलेला नाही. काल संध्याकाळी मला थोडा वेळ भेटू दिलं. तो मला म्हणाला, "दादानं हाक मारली. मी परत यायला वळलो." मी म्हटलं, बरं, गप्प पड. त्यावर त्याने माझं मनगट धरलं. तो म्हणाला, "त्याला हे सांगू नको, ताई. हाकेनं झालं असं कळलं तर तो पुन्हा कधीच हाक मारणार नाही."

मी हो म्हटलं नाही. नुसती मान डोलावली.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. दादाला घरी सोडावं. त्याला आधी दवाखान्यात न्यावं.

वरील जबाब मला समजेल अशा भाषेत लिहून घेतला आणि मोठ्याने वाचून दाखवला. पलीकडच्या खोलीत माझा थोरला भाऊ बसलेला आहे आणि मधे फक्त फळीची भिंत आहे, म्हणून स्टेअरिंग का फिरवलं तिथून पुढचा मजकूर हळू आवाजात वाचावा अशी मी विनंती केली. हवालदार साहेबांनी खुर्ची जवळ ओढून तो भाग माझ्या कानाशी वाचला. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.