अकोल्याच्या सामन्याबद्दल, अमरसिंगांना निरोप देताना

सन्माननीय अध्यक्ष हुकूमचंदशेठ, मंचावरील क्रीडा समितीचे सभासद, पालकहो आणि माझ्या मुलींनो,

अमरसिंग, मंगरूळपीरच्या मोटार स्टँडवर आपण पहिल्यांदा चहा प्यायलो, ते आठवतं? बशीत फुंकर मारत तुम्ही विचारलं होतं, "बाई, तुमच्या पोरी लुगड्यात धावतीन कशा?" मी म्हटलं, "ते त्यांचे बाप ठरवतील." तुम्ही म्हणालात, "मंग झालं बास्केटबॉल!" किती हसलो होतो आपण!

पोहरादेवीजवळच्या तांड्यातले हे गृहस्थ मुंबईत एका गिरणीच्या संघात नऊ वर्षं पगारावर खेळले. गुडघा गेला, तेव्हा आमच्या शाळेत मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. पाच वर्षांत त्यांनी मुलींना काय दिलं, हे मी सांगायला हवं का? आणि आज आपण त्यांना निरोप का देतो आहोत, हे तरी कोण उघड बोलतं?

या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून मी बोलते. डिसेंबरात अकोल्याला अंतिम सामना होता. पाच मिनिटं उरली असताना अमरसिंगांनी आपल्या सर्वांत चांगल्या दोन मुली, शेठजींची लेक भागिरथी आणि तिची चुलतबहीण, बाहेर काढल्या. आपण एका गुणाने हरलो. परतताना मोटारीतच कुणी ओरडलं, "इकला ना सामना, मास्तर?" पुढे समितीने त्यांना काढण्याचा ठराव केला.

खरं असं आहे. जैन घरच्या या मुली सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. "सूर्य असताना पोरी जेवतीन," हा शब्द अमरसिंगांनी, शेठजी, तुमच्याच ओसरीवर दिला होता. मुली पहाटेपासून उपाशी होत्या. दुपारचे डबे माझ्याकडे होते आणि मी ते आपण उतरलो होतो त्या धर्मशाळेत विसरले. शालिग्राम शिपाई टांग्याने ते घेऊन आला, तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. मी म्हटलं, "पाचच मिनिटं, खेळू द्या." ते म्हणाले, "पाच मिनिटांत सूर्य जाईन, बाई."

भागिरथीने घरी हे सांगितलं. तिला ऐकायला मिळालं, "मास्तरनं पढवलं तुले!" समितीने मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, नीट आठवत नाही. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, चूक त्याच दिवशी कबूल करावी. मी चार महिने लावले.

समितीपुढे मी गप्प बसले, त्या दिवशी अमरसिंग मला दारात म्हणाले, "राहू द्या बाई. तुमाले शाळा हाये. मी कुठंबी पोरं खेळवीन." कुठे? तीन गावांहून नकार आला. सामना विकणारा, ही ओळख त्यांच्याआधीच तिथे पोचली होती. सोमवारी ते तांड्याबरोबर खडी फोडायला निघतील, त्या गुडघ्यानिशी. मी आज बोलले म्हणून ठराव फिरणार नाही. त्यांच्या जागी माणूस नेमून झाला आहे. मुलींनो, मला तुमच्याकडे पाहवत नाही.

आपण ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. कुणाचं मन दुखावलं असेल, तर वयाकडे पाहून क्षमा करावी.

शालिग्राम, शाल-श्रीफळ अध्यक्षांच्या हातून अमरसिंगांना. पेढे मुलींना. टेबलावर दोन लिफाफे आहेत. जाड लिफाफा अमरसिंगांना दे. त्यात हेच सारं माझ्या सहीनिशी आहे, काम मागायला जातील तिथे दाखवता येईल. पातळ लिफाफा शेठजींना. तो माझा राजीनामा आहे.