पुढे मस्त गार असतं

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. गाडी तपासून झाली की दोन लेकरांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघायचं होतं.

"पहाटे निघू. मुलं गाडीत झोपतील."

"हो ना, मागच्या वेळी झोपली तशीच. थोरला माझ्या मांडीवर ओकून, धाकटी घसा बसेपर्यंत रडून."

"तू उगाच पराचा कावळा करतेस. मला तर काहीच ऐकू आलं नाही."

"कसं येणार? गाणी लावली होतीत ना. छान होती."

"या वेळी मध्ये कुठे थांबायचंच नाही."

"धाकटीला सांगून ठेवते, पोहोचेपर्यंत शू धरून ठेव म्हणून. दोन वर्षांची आहे, समजूतदार आहे."

"प्रवासाची मजाच घेता येत नाही तुला."

मेकॅनिक हात पुसत आला.

"साहेब, मागचा एसी बंदच आहे की. बरेच दिवस झाले असणार."

"काय सांगता? पुढे तर मस्त गार असतं." मग बायकोकडे वळून, "तू कधी बोलली नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही गाण्यांचा आवाज वाढवलात."

ती मेकॅनिककडे वळली.

"दादा, मुलांसाठी एसी तेवढा नीट करा. आणि गाण्यांचा आवाज कुठून वाढवायचा, ते मला दाखवून ठेवा. या वेळी गाडी मी चालवणार आहे."