पेंडीच्या बोकांडी

थोरला : आजपासून या तेलगिरणीत भावनेला थारा नाही! इथून पुढे फक्त शास्त्र!

दिवाणजी : मालक, कोपर उचला. शिक्क्याच्या गादीवर टेकलंय.

थोरला : अरे देवा, नवा शर्ट... असो. बस रे धाकट्या. तुझा पेंड विभाग तोट्यात आहे. बंद करायचा.

धाकटा : तोट्यात कसा, दादा? पोती तेवढीच जातायत. भावही तोच.

थोरला : दाण्यांचा खर्च आता आपण वजनावर वाटतो. सांगा हो दिवाणजी.

दिवाणजी : दाणे घाण्यात एकत्रच जातात. बाहेर तेल कमी पडतं, पेंड जास्त. वजनावर वाटलं की मोठा खर्च पेंडीच्या बोकांडी. आणि विकायला जावं, तर पेंड गुरांच्या तोंडची. तिला तेलाचा भाव कोण देणार?

धाकटा : बाबा विक्रीवर वाटायचे. ज्याला भाव जास्त, त्यानं जास्त सोसायचं.

थोरला : घरातही तसंच वाटायचे. म्हणून माझी कंबर वाकली.

धाकटा : ती खुर्चीनं वाकली, दादा.

थोरला : थट्टा पुरे. गिरणीत पैसा घालायला नवा भागीदार येतोय. त्याला तेलाचा नफा ठसठशीत दिसला पाहिजे, आणि तोट्यातलं काही दिसता कामा नये. नाहीतर तो दारातूनच परत जाईल.

धाकटा : म्हणजे तेलाला पावडर, आणि काजळी माझ्या तोंडाला. बरं, केलास विभाग बंद. पेंड पडायची थांबेल?

(थोरला दिवाणजींकडे बघतो.)

दिवाणजी : माझ्याकडे काय बघता? घाण्याला नोटीस कशी देतात, मला नाही माहीत.

थोरला : पडेना का! मागच्या दारानं ठेकेदार उचलून नेईल, देईल त्या भावानं.

धाकटा : म्हणजे पेंड राहणार. मी जाणार.

थोरला : तसं नाही रे... घरी तुला काही कमी पडू देईन का?

धाकटा : आईला काय सांगू?

थोरला : सांग, तब्येतीसाठी सुट्टी घेतली म्हणून.

दिवाणजी : त्या माउलीनं तुम्हा दोघांचा खर्च वजनावर वाटला असता, तर थोरले मालक, तुमचं काही खरं नव्हतं.

थोरला : दिवाणजी! जीभ आवरा!

दिवाणजी : आवरतो. तेवढं एक सांगा, माझा पगार कशात धरलाय? तेलात की पेंडीत?

थोरला : ...बराचसा पेंडीत.

दिवाणजी : वाटलंच. मग चष्म्याचं घर आजच नेतो.

धाकटा : ही घे गोदामाची किल्ली. कुलूप अडतं. जरा वर उचलून फिरव.

थोरला : रागावलास?

धाकटा : नाही.

थोरला : मग असा का बघतोस? मी परका आहे का? काही लागलं तर माग. हक्कानं माग.

धाकटा : घरी तुझ्या गाडीवर मागे बसून येऊ? माझी सायकल पेंडीच्या थप्पीमागे अडकलीय.