खांद्यावरचा हात

दुकानाचं खातं कोणीतरी हॅक केलं म्हणून शिंपीदादा सायबर पोलिसांच्या बाकावर ताटकळत बसले होते. शेजारी दोन जावा होत्या. धाकटीचा फोटो लावून कोणीतरी खोटं खातं उघडलं होतं आणि थोरली तिच्या सोबतीला आली होती. शिंपीदादांनी काही मुद्दाम कान दिला नव्हता; थोरलीचा आवाजच तसा होता.

“सरकार झोपा काढतंय का गं? कोणीही उठावं आणि फोटो उचलावा!”

“सरकार कुठेकुठे पुरणार, जाऊबाई? त्या अ‍ॅपच्या कंपनीने नको बघायला?”

“कंपनीचं काय जातंय! पण तू तरी तो जगाला कशाला दाखवलास?”

“तुम्हीच म्हणालात, टाक म्हणून.”

“दोघींचा होता म्हणून म्हणाले! मेल्याने तुला तेवढी ठेवली आणि मला कापली.”

“सुटलात की मग! इथे माझी अब्रू चाललीय.”

“हजार माणसं ‘किती सुंदर’ म्हणतायत, आणि म्हणे अब्रू! केस कोणी विंचरून दिले होते त्या दिवशी?”

तेवढ्यात समोरच्या टेबलावरून हवालदारबाईंनी हाक मारली. धाकटीची तक्रार लिहून झाली.

“आणि तुमचं काय, बाई?”

“माझं कुठलं काय! मी आपली सोबत.”

थोरली दारापर्यंत गेली, तशीच परत फिरली आणि फोनवरच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली,

“पण एवढं लिहून घ्या. हिच्या खांद्यावरचा हा हात माझा आहे.”