गंजीतली धामण

शाल्मली बेळगावहून खानापूरच्या बसमध्ये तोंडाला ओढणी गुंडाळून बसली होती. टीव्हीवर मुलांना रानातली जनावरं दाखवणारी म्हणून तिला सगळे ओळखत. पण पुढच्या कार्यक्रमात तरी शुद्ध बोला, असं सकाळीच वाहिनीच्या मुंबईच्या साहेबांनी बजावलं होतं, नि आज तिला कुणाशीच बोलायचं नव्हतं. पुढच्या बाकावरच्या दोघी बायकांच्या बोलण्याला मात्र खंड नव्हता.

"मालुबाई, तुमच्या गवताच्या गंजीत धामण निघाली म्हणं?"

"व्हय. आमचं म्हातारं काठी घेऊन धावलं. म्हणतंय, म्हशीच्या पायाला येटोळं घालून दूध पिती ही."

"मग, पितीच की."

"तर आमची नात ऋतिका आडवी आली. म्हणाली, आज्जा, ती दूध पीत न्हाय, उंदरं खाती. टीव्हीतली शाल्मलीआक्का सांगत हुती."

"आणि म्हाताऱ्यानं ऐकलं? टीव्हीतल्याचं?"

"माझं कधी ऐकलं न्हाय त्यानं. पर ती टीव्हीतली पोरगी घरातल्या लेकीगत बोलती गं. पुस्तकातल्यागत बोलली असती तर धामण मेलीच असती."

मालुबाई मागं वळली.

"तू बघतीस काय गं तिला?"

"बघत न्हाय, आक्का. पर धामण दूध पीत न्हाय, हे लई खरं हाय."

तो ओळखीचा आवाज ऐकून मालुबाई तिच्याकडं बघतच राहिली, मग हळूच सरकून तिनं बाकावर जागा केली.

"अंडी घातल्यात तिनं. म्हातारं त्याच काठीनं कुत्री हाकलत राखण बसलंय. चल बघायला."