हिरवा पडलेला फिरोजा

सराफाच्या दुकानात दोन म्हाताऱ्या बहिणी माझ्याशेजारी बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये त्यांच्या आईची अंगठी.

“ताई, हा खडा निळाशार होता गं. हिरवा कसा पडला?”

“तेल, साबण, घाम. आईनं कधी बोटातून काढली का? बाबा सांगून थकले, ‘अगं, पूर्वी फिरोजा राजांबरोबर थडग्यात पुरायचे.’”

“आणि आपल्या राणीसाहेब तो घालून भांडी घासायच्या!”

“घोड्याच्या लगामालाही बांधायचे म्हणे. स्वार पडला तर मार खडा झेलतो आणि स्वतः तडकतो.”

“आपल्याकडे कुठला घोडा?”

“सायकल होती की! आई शिकताना धाडकन पडली, तर बाबांनी आधी खडा पाहिला.”

“हो, आणि गुडघा फुटलेला! दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी.”

“आजी,” सराफ म्हणाला, “हा खडा आता खराब झालाय. नवा निळा बसवून देतो, अगदी पूर्वीसारखा.”

“नको हो. अंगठी सैल आहे, तेवढी घट्ट करा.”

“तुमच्या मापानं?”

“हिच्या.”

“ताई, अगं, थोरली तू...”

“माझ्याकडे भांड्यांना बाई आहे. तू घाल. आणि घासताना काढून ठेवू नकोस.”