सामानापाशी बसलेली आत्या

हात जोडा मंडळी, डोळे मिटा, आणि पायातल्या चपला घटकाभर विसरा. नाही ना विसरत? मला इथून दिसतंय. तिसऱ्या खांबाजवळचे फेटेवाले मामा मघापासून दाराकडंच बघताहेत. मामा, देव पुढं आहे, चपला मागं आहेत. मान एकच, ती एकाच बाजूला वळणार — काय करतील बिचारे.

बायांनो, हसू नका. तुम्ही तरी काय, पर्स पदराखाली दाबूनच टाळी वाजवताय. एका हातानं!

मला दुसरीतून उठवली, शेण गोळा करायला. तेव्हा पोथीतलं अवघड मला विचारू नका. मी तुम्हाला सोपं विचारते. घरातला तांब्या गेला तरी तुम्ही गल्ली गोळा करता. सोनं गेलं तर ठाण्यात जाता. पण जी बाई तुमचं सामान राखत बसली, तिचंच काही चोरीला गेलं — तर तिनं कुठं जायचं? तिचा चोर कोण? सांगा. मृदंगवाले बुवा, तुम्ही सांगा. नाही? बुवा मृदंगाची वादी आवळायला लागले. बरं, मग ऐका.

कराडच्या बाजूचं एक गाव. नाव सांगत नाही, तिथले पाहुणे इथंच बसले असायचे. त्या गावात द्वारका नावाची बाई. एकोणिसाव्या वर्षी नवऱ्यानं टाकली, भावाच्या दारात आली, आणि आली ती सामानापाशी बसली.

कळलं नाही? तुमच्याही घरात असते की एक. लग्नाला वऱ्हाड जातं, सगळी नटून मांडवात जातात, आणि एक बाई जानोशाच्या, म्हणजे वऱ्हाड उतरतं त्या खोलीत बॅगांपाशी बसते. जेवण तिला तिथंच, गार झालेलं. द्वारकेनं सख्ख्या भाच्याच्या, जयसिंगाच्या अक्षता खिडकीतून टाकल्या. मांडव भिंतीपलीकडं होता. अक्षता पडल्या न्हाणीच्या पत्र्यावर.

पण तिला त्याचं वाईट वाटायचं नाही हो. उलट ताठा होता. घरात सगळी म्हणायची, "आत्या हाय न्हवं, मग घोर न्हाई." या एका वाक्यावर बाईनं चाळीस वर्षं काढली. दागिना कुणाचा का असेना, ती फडक्यात बांधायची आणि कनवटीला खोचायची. कनवट म्हणजे लुगड्याची कमरेची गुंडाळी — आम्हा म्हाताऱ्यांची तिजोरी. तुम्हा पोरींच्या कपड्यांना धड खिसा नाही, आणि म्हणे आम्ही पुढं गेलो. तर चाळीस वर्षांत त्या कनवटीतून एक मणी खाली पडला नव्हता.

पुढं भाऊ वारला. भावजय सगुणाबाई घरची कारभारीण झाली. एका उन्हाळ्यात जयसिंग म्हणाला, "चला, सगळी मिळून समुद्राला जाऊ." सगुणाबाई म्हणाली, "जाऊ की. पण सोनं मागं ठिवायचं न्हाई. बंद घरावर चोर टपल्यात. अंगावर घाला आन् चला." म्हणून पाटल्या, बोरमाळ, सुनेचं मोठं मंगळसूत्र, सगळं निघालं वाळूत लोळायला. समुद्राला बोरमाळ कशाला लागते, ते मी विचारत नाही. तुम्ही लग्नाआधी देवाला जाता तेव्हा काय काय घालून जाता, मी बघितलंय.

द्वारकाआत्यानं समुद्र कधी बघितला नव्हता. शेजारची बायजाक्का दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिनं औषधाची रिकामी बाटली धुऊन आत्याच्या हातात दिली. "द्वारके, भरून आण गं. ते पानी खरंच खारं असतंय का, मरायच्या आत एकदा जिभंला लावून बघते." आत्यानं बाटली चोळीच्या कापडात गुंडाळली. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी राखायला नव्हे, आणायला सांगितलं होतं.

पहिला दिवस. सगळी पाण्यात पळाली. जाताना मंगळसूत्र, अंगठ्या, मोबाईल, गाडीची किल्ली, सगळं आत्याच्या मांडीवर. "आत्या, आमी आलो की तू जा हं," जयसिंग म्हणाला. सगळी आली दोन तासांनी, भुकेनं कळवळत. हॉटेलात ताटं गार होत होती. आत्याला कोण थांबतंय?

दुसरा दिवस. तेच. सगळी परतली तेव्हा ओहोटी लागलेली. सून शालन म्हणाली, "आता काय चिखलात जाताय, उद्या जावा." आत्यानं बाटली परत कापडात गुंडाळली.

तिसरा दिवस शेवटचा. दुपारी गाडी निघणार. सगळी होडीत बसून लांब गेली. आत्या वाळूत, छत्रीखाली, मांडीवर सगळ्यांचं सोनं आणि मोबाईल. पाणी पन्नास पावलांवर. लाट यायची, तिच्या दिशेनं थोडी धावायची, आणि मागं फिरायची. बोलावणं आल्यासारखं वाटलं तिला.

शेजारी जैनबी शहाळी विकत होती. तीन दिवस ती हे बघत होती. न राहवून म्हणाली, "आक्का, तुमी काय पाण्याला बघायलाच आलाव? जावा की."

"सामान हाय वं बाई."

"मी बसलीये ना. ह्या मोबाईलांना काय पाय फुटतात?"

आत्यानं विचार केला. मोबाईलांची पिशवी तिच्यापाशी ठेवली. सोनं मात्र ठेवलं नाही — तेवढी आत्यासुद्धा तुमच्याआमच्यासारखीच. सोनं फडक्यात घट्ट बांधलं, दोन गाठी मारल्या, कनवटीला खोचलं आणि निघाली.

इथं चुकलं, मंडळी. कनवट कोरड्या जमिनीवरची. पाण्याची तिला काय ओळख? बुवा, हे ध्यानात ठेवा, ज्यानं चाळीस वर्षं दगा दिला नाही त्याचीच आपण परीक्षा घेत नाही.

घोट्याएवढं पाणी. मग गुडघ्याएवढं. आत्या हसली. एकटीच. वाकून तिनं बाटली तोंडाशी धरली, बुडबुडे आले, बाटली भरली, तिनं बूच लावलं — आणि मागनं लाट आली. बसवलीच तिला. नाकातोंडात पाणी, लुगडं फुगून वर आलेलं. उठली तर हातात बाटली होती. कमरेला हात लावला. कनवट सुटलेली.

होडी किनाऱ्याला लागली तेव्हा ती गुडघ्यावर बसून वाळू चाळत होती.

"जयसिंगा, पान्यानं न्हेलं रं."

शालन हळूच म्हणाली, "पाण्याला सोन्याचं काय करायचंय, आत्या?"

अहो, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आत्यानं जयसिंगाकडं बघितलं. त्याला तिनं न्हाऊ घातलं होतं, त्याच्या गोवरात आठ रात्री उशाशी बसली होती. तो म्हणेल, माझी आत्या आहे ती. तो म्हणाला, "तुजी पिशवी आन."

पिशवी वाळूत उलटी केली. एक लुगडं, फणी, जपाची माळ. "हातात काय हाय?" बाटली. उन्हाला धरून बघितली त्यानं, बूच काढलं आणि ओतून टाकली. आत अंगठी असली तर? वाळूनं ते पाणी बघता बघता पिऊन टाकलं.

मग सगुणाबाईनं तिला हॉटेलाच्या न्हाणीत नेलं, कडी लावली. म्हणाली, "वन्सं, लुगडं सोडा."

"वैनी, चाळीस वर्सं झाली गं."

"म्हनूनच. सोडा."

पुढचं मी सांगत नाही. बाहेर पोरं भेळ खात होती.

दुपारी पाणी उतरलं. जैनबी पळत आली, हातात ओलं गाठोडं. खडकाच्या फटीत अडकलं होतं. दोन्ही गाठी आत्यानं मारल्या तशाच होत्या. मोबाईलांची पिशवी तर तिनं आधीच आणून दिली होती. सगुणाबाईनं गाठी दातानं सोडल्या. सगळं होतं. "देव पावला," म्हणाली, आणि समुद्राला नारळ दिला. शालननं मंगळसूत्र डोळ्यांना लावलं. जैनबीला शंभराची नोट द्यायला गेले, तिनं घेतली नाही. ती आत्याकडं बघत होती. तिथं दुसरं कुणीच आत्याकडं बघत नव्हतं.

माफी? मंडळी, तुम्ही वाट बघताय होय? मीही बघितली.

गाडीत बसताना जयसिंगानं काय केलं सांगू? सोन्याची पिशवी आत्याच्या मांडीवर ठेवली. म्हणाला, "धर आत्या. तू हायस म्हनून घोर न्हाई."

आणि तिनं धरली. दोन्ही हातांनी. घाट चढून गाडी गावात येईपर्यंत तिनं बोटं सैल केली नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती बायजाक्काकडं गेली. रिकामी बाटली तिच्या उशाशी ठेवली. बायजाक्का म्हणाली, "भरली न्हाईस व्हय गं? बरं, आसू दे. समुद्र कसा हुता ते तरी सांग."

आत्यानं तिच्या अंगावरची वाकळ सारखी केली. म्हणाली, "म्या बघितलाच न्हाई. म्या सामानापाशी हुते."

बायजाक्का श्रावणात गेली, खाऱ्या पाण्याची चव न घेता. आत्या आहे अजून. चांगलं खाते, पिते. हल्ली पाहुणे आले की कोपऱ्यात बसते, आणि कुणी हातात काही दिलं की आधी पदर झटकून दाखवते. कुणी विचारलेलं नसताना.

आता सांगा, चोर कोण? सोनं तर सगळं मिळालं. ठाण्यात जाऊन काय लिहून देणार, काय गेलं म्हणून?

आज सारं गाव इथं लोटलंय. लेकरं आणली, सुना आणल्या, पाहुणे आणले. मग तुमच्या घरी, या घटकेला, दाराशी कोण बसलंय? नाव घ्या तिचं, मनातल्या मनात. जेवली का ती? मीही निघताना धाकट्या जावेला म्हणून आले, "तू हायस न्हवं, घराकडं बघ." तीस वर्षं म्हणतेय.

आरती होईल, नारळ फुटेल. प्रसादाचा द्रोण तिच्यासाठी न्या, पण गार करून नेऊ नका. आणि फेटेवाले मामा, चपला आहेत तिथंच. आता उठा तुम्ही. घरी जाऊन तिला घेऊन या. चपला मी राखते.